व्हाळाकडचा मांगर: काजू बीच्या साठ्यासाठी बिनतारी सेन्सर बसवताना काय घडलं

पार्श्वभूमी

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात काजू फोडण्याचं घरगुती युनिट आहे. गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील मी बदलले आहेत. युनिट एक काकी चालवतात, वय साठीच्या पुढचं. त्यांचा मुलगा डोंबिवलीला असतो आणि गणपती, शिमगा आणि मध्ये जमेल तशी फेरी मारतो. मी कुडाळला पंपांच्या आणि इन्व्हर्टरच्या पॅनेलांची दुरुस्ती करतो. मुलगा माझ्या शाळेतला, म्हणून काम माझ्याकडे आलं.

काजूच्या धंद्यातली खरी गोम साठवणीत आहे. बी येते मार्च ते मे. वर्षभर लागणारी सगळी बी याच दिवसांत घ्यायची, खळ्यात दोन-तीन उन्हं द्यायची आणि गोणीत भरायची. मग दिवाळीपर्यंत आणि त्यापुढेही ती थोडी थोडी वाफवून फोडायची. उन्हं दिल्यावर बीतला ओलावा ८ ते ९ टक्क्यांवर येतो आणि ओंजळीत घेतली की ती खुळखुळते. त्यानंतर जून लागतो. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वाळवलेली बी हवेतला ओलावा परत ओढून घेते, गरावर डाग पडतात आणि पुढे बुरशी येते. काजूगराची डब्ल्यू-२४० ही ग्रेड म्हणजे पौंडात साधारण २४० पांढरे अख्खे गर. डागाळलेला गर कितीही मोठा असला तरी या पांढऱ्या ग्रेडमध्ये बसत नाही.

काकींचा साठा घराच्या खालच्या अंगाला, व्हाळाजवळच्या (ओढ्याजवळच्या) जुन्या मांगरात, म्हणजे वेगळ्या बांधलेल्या कोठारात, असतो. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर मंगळुरी कौलं, खाली कोबा. पुढे मोठं दार आणि मागच्या भिंतीत एक लहान दार, ते बी वाफवण्याच्या खोलीत उघडतं. हे लहान दार लक्षात ठेवा.

अडचण

आदल्या पावसाळ्यात भिंतीकडच्या काही गोण्या खराब निघाल्या होत्या. मुलाचं म्हणणं सरळ होतं. मांगरातलं तापमान आणि आर्द्रता त्याला डोंबिवलीत मोबाइलवर दिसायला हवी आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की मेसेज यायला हवा.

मी वहीत तसंच लिहून घेतलं. आज ते पान बघितलं की वाटतं, पहिली चूक इथेच झाली. मेसेज आल्यावर कोण काय करणार हे मी विचारलंच नाही. डोंबिवलीतून काही मांगराचं दार लावता येत नाही.

काकींनी त्या दिवशी चहा देता देता एवढंच म्हटलं, "माका आकडो नको. गोणीत हात घाल आणि बघ." मी हसून सोडून दिलं.

समोर असलेले पर्याय

बाजारात तयार यंत्रं मिळतात, सिम कार्ड घालून चालणारी. मांगर खोलगट जागेत आहे आणि आत मोबाइलला रेंज नाही. कौलांवर चढून फोन धरला तर एक दांडी येते, तीही पाऊस नसताना. हा पर्याय तिथेच बाद झाला.

घरात ब्रॉडबँड होतं, म्हणून वाय-फाय मांगरापर्यंत नेता येईल का ते पाहिलं. अंतर चालत तीनशे पावलं, पण मध्ये माडाची-पोफळीची बाग, उतार आणि तो दीड फुटी चिरा. राउटर पडवीत आणून ठेवला तरी मांगराच्या दाराशी सिग्नल तुटत होता. केबल टाकायचा विचार मी विजेच्या भीतीने केला नाही. आमच्याकडे पहिल्या पावसाच्या गडगडाटात लांब तार टाकलेलं काहीही जळून येतं. जूनमध्ये माझ्या टेबलावर अशा वस्तूंची रांग लागते.

तिसरा पर्याय साध्या लॉगरचा. आतच नोंद ठेवायची आणि आठवड्याने कार्ड काढून बघायचं. स्वस्त आणि भरवशाचा. हा मी फार लवकर नाकारला. एक पावसाळा नुसती नोंद घेतली असती तर पुढच्या निम्म्या चुका टळल्या असत्या. पण मुलाला मोबाइलवर बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही रेडिओचं काम करून बघायची हौस होती.

राहिला लोरा, हा रेडिओचाच एक प्रकार. वेग अगदी कमी, पण थोड्या वीजेत लांबवर पोचणारा. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. मांगरात आणि बाहेर बॅटरीवरचे नोड (सेन्सर आणि रेडिओ असलेले छोटे डबे), घराच्या खिडकीत एक रिसीव्हर, आणि तिथून ब्रॉडबँडवरून पुढे एका शीटमध्ये नोंद आणि टेलिग्रामवर मेसेज, असा आराखडा ठरला.

काय केलं

पहिला नोड ईएसपी-३२ या कंट्रोलर चिपच्या तयार बोर्डावर बांधला, कारण तो टेबलावर पडलेला होता. झोपेत ही चिप अगदी थोडे मायक्रोअँपिअर घेते असं कागदावर असतं, आणि ते खरंही आहे. पण बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि तो कायम जळणारा लाल दिवा झोपत नाहीत. मोजलं तर जवळजवळ १० मिलिअँपिअर. २५०० मिलिअँपिअर-तासांचा १८६५० सेल त्यात दहा दिवसांत संपतो, आणि तसा तो संपलाच. मग ३.३ व्होल्टचा प्रो मिनी हा साधा आर्डुइनो बोर्ड घेतला, त्याचा दिवा आणि रेग्युलेटर सोल्डरिंग गनने उचकटून काढला आणि दर १५ मिनिटांनी एकदाच जागं करून वाचन पाठवायला लावलं. घराच्या खिडकीतल्या रिसीव्हरला वीज होती, तिथे ईएसपी-३२ चालला.

अँटेनाचा घोळ मजेशीर होता. मॉड्यूलबरोबर आलेली स्प्रिंग ४३३ मेगाहर्ट्झची निघाली. ८६६ ला पाव तरंगलांबी येते साधारण ८.६ सेंटिमीटर. घरगुती वायरिंगच्या तांब्याच्या तारेचा तेवढा तुकडा सरळ उभा लावला आणि सिग्नल एकदम सुधारला. नोड मांगराच्या कौलाखाली, वाशाला बांधला, कारण चिऱ्यापेक्षा कौलातून रेडिओ सहज बाहेर पडतो.

मे महिन्यात सगळं छान चालत होतं. घरात सिग्नल उणे १०४ डीबीएम दिसत होता (उणे आकडा जितका मोठा, सिग्नल तितका क्षीण) आणि एसएफ-७ वर, म्हणजे लोराच्या वेगवान पायरीवर, सुमारे उणे १२३ पर्यंत ऐकू येतं, म्हणजे हातात बरीच जागा होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाग चिंब झाली आणि निम्मे संदेश गळू लागले. एसएफ-१० या संथ पायरीवर नेलं. त्याने संवेदनशीलता उणे १३२ च्या आसपास जाते, पण एकेक संदेश हवेत सहा-सात पट जास्त वेळ राहतो आणि बॅटरी तेवढी खाते. पंधरा मिनिटांतून एक संदेश जात असेल तर तेवढं परवडतं. कोकणात रेडिओची चाचणी मे महिन्यात घेऊन निर्धास्त होणं म्हणजे होडी वाळूत ठेवून गळते का ते बघण्यातला प्रकार.

सेन्सरवर मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. सुरुवातीला मी तो पांढऱ्या जाळीदार डबीतला स्वस्त सेन्सर लावला, जो कॉलेजच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो. सतत नव्वदीच्या वरच्या हवेत आठवडाभर राहिल्यावर तो ९९.९ वर जाऊन बसला आणि उन्हात आणून ठेवला तरी दिवसभर उतरला नाही. मग एसएचटी-३१ घेतले, तोंडावर पातळ गाळणीचं टोपण असलेले. त्यांची आर्द्रतेतली चूक अधिक-उणे २ टक्के धरतात.

ते खरं बोलतात का हे बघायची जुनी रीत आहे. घट्ट झाकणाच्या बरणीत मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घालायचं आणि वर सेन्सर टांगून दिवसभर ठेवायचं. २५ अंशांच्या आसपास बरणीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. मी काकींच्या फडताळातलं मिठागराचं खडेमीठ घेतलं. तिन्ही सेन्सर ७२ च्या खाली. तिघांना एकदम तीच चूक कशी होईल, एवढं डोक्यात यायला हवं होतं. मी मात्र प्रोग्राममध्ये तीन टक्के वाढवून मोकळा झालो. नंतर ओळखीच्या एका शिक्षकांनी डोळे उघडले. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात. म्हणूनच ते पावसात पाझरतं आणि म्हणूनच बरणीतली आर्द्रता खाली ओढतं. प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ आणून पुन्हा पाहिलं तर तिघेही ७४ ते ७६ च्या आत. चूक माझ्या मिठाची होती. वाढवलेले तीन टक्के परत काढले.

बाहेरचा नोड मांगराच्या उत्तरेला, सावलीत. ऊन आणि पाऊस थेट लागू नये म्हणून कुंड्यांखालच्या प्लास्टिकच्या ताटल्या उलट्या करून एकावर एक, मध्ये फट ठेवून रचल्या. तीन आठवड्यांनी तो नोड दिवसरात्र १०० टक्के दाखवू लागला. जाऊन बघतो तर कुंभारीण माशीने फटी चिखलाने लिंपून आत सुबक घर केलेलं, सेन्सर त्याच्या भिंतीत गाडलेला. आता तिथे चहाच्या स्टीलच्या गाळणीची जाळी आहे.

पहिला पावसाळा

जून संपेपर्यंत मुलाला आर्द्रता ८० च्या वर गेल्याचे इतके मेसेज गेले की त्याने ते म्यूट करून टाकले. साहजिक आहे. कोकणच्या पावसाळ्यात ८० च्या वर ही बातमीच नव्हे.

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. मर्यादा ८५ करायची, ९० करायची, की मोजण्याची पद्धतच बदलायची? मी दोन दिवसांच्या नोंदी कागदावर घेऊन बसलो. एका भिजल्या सकाळी बाहेर २६ अंश आणि ९५ टक्के, आत २९ अंश आणि ८० टक्के. बघणारा म्हणेल, आत किती कोरडं आहे. पण दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसू लागतं ते, काढला तर दोन्हीकडे २५ च्या आसपास. म्हणजे दोन्ही हवांत पाणी जवळपास तेवढंच. आतली हवा फक्त गरम आहे म्हणून तिचा टक्का कमी दिसतो. अशा वेळी दार उघडून काही साधत नाही. उलट उघडिपीच्या एका दुपारी बाहेर ३१ अंश आणि ६८ टक्के, आत २८ अंश आणि ८८ टक्के. बाहेरचा दवबिंदू २४.४, आतला २५.८. ही दार सताड उघडायची वेळ.

काकींचा शिरस्ता होता, सकाळी नऊला दार उघडायचं आणि 'हवा खेळू दे' म्हणायचं, आणि उघडीप दिसली की दुपारी पुन्हा उघडायचं. दुपारचं त्यांचं बरोबर होतं. सकाळचं बहुतेक दिवशी फुकट होतं, आणि झडीच्या दिवसांत तोट्याचं.

टक्क्याची मर्यादा काढून टाकली आणि दवबिंदूतला फरक ठेवला. बाहेरचा आतल्यापेक्षा एका अंशाने तरी खाली असेल तरच 'उघडा'. सेन्सरच्या दोन टक्क्यांच्या चुकीने दवबिंदू जेमतेम ०.४ अंशाने हलतो, म्हणून एका अंशाचं अंतर पुरेसं वाटलं.

याच नोंदींत आणखी एक गोष्ट सापडली, जी कुणी शोधतच नव्हतं. रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला मांगरातला दवबिंदू सुळकन वर जायचा आणि तासा-दीड तासाने उतरायचा. पावसाचा संबंध नाही, रविवारी मात्र काही नाही. रविवारी युनिट बंद. बी वाफवायला घेतली की वाफ त्या मागच्या लहान दारातून साठ्यात शिरत होती! गोण्या आत-बाहेर न्यायला सोयीचं म्हणून ते दार सकाळभर उघडंच असायचं. आम्ही पावसाला शिव्या देत होतो आणि ओल घरच्याच चुलीवरून येत होती. सुताराकडून दाराला स्प्रिंग लावून घेतली, आपोआप मिटणारी. मुलाने विचारलं, खर्च किती आला. स्प्रिंगचा.

जुलैच्या अखेरीला मोठा वारा झाला आणि लाईट गेली ती अडीच दिवस. घरचा इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला, त्याबरोबर राउटर आणि रिसीव्हर गप्प. मांगरातले नोड इमानाने संदेश पाठवत होते आणि ऐकणारं कुणी नव्हतं. डोंबिवलीत मुलाला मोबाइलवर शेवटचं वाचन दिसत होतं, आलेखाची रेघ सरळ. त्याला वाटलं सगळं ठीक आहे. तो पडदा मी बनवला होता आणि 'शेवटची खबर किती वेळापूर्वीची' हे त्यावर कुठेच नव्हतं.

त्याच दिवसांत काकींना भिंतीकडच्या खालच्या थरात ओल लागली. चार गोण्या. फळ्यांवर होत्या, पण भिंतीला टेकल्या होत्या आणि व्हाळाकडचा चिरा पाणी पीत होता. मी पोचलो तेव्हा त्यांनी मला काही न बोलता गोणीपाशी नेलं, माझा हात धरून कोपरापर्यंत आत घातला. वरची बी खुळखुळीत. खाली, भिंतीकडच्या बाजूला, गार आणि चिकट. बाहेर काढलेल्या हाताला जुन्या पोत्याचा वास येत होता. वाशाला लटकलेला माझा सेन्सर सहा फुटांवरून शांतपणे ८१ सांगत होता.

बी उपसून वाफवण्याच्या खोलीतल्या उबेत पसरली, तीन गोण्या वाचल्या, एक टाकावी लागली.

इथे दुसरा निर्णय. आणखी दोन-तीन नोड हवेत लावायचे, की एक बीमध्ये पुरायचा? मुलाचा कल पहिल्याकडे होता, जास्त ठिकाणची माहिती म्हणून. मी काकींची बाजू घेतली. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपला भोकं पाडली, वर नायलॉनची जाळी गुंडाळली, आत सेन्सर बसवला आणि तो पाइप भिंतीकडच्या खालच्या थरातल्या एका गोणीच्या पोटात खुपसला. गोणीच्या आतली हवा बीमधल्या ओलाव्याशी जुळवून घेते, त्यामुळे तिचा आकडा पावसाच्या सरीबरोबर नाचत नाही, दिवसाकाठी टक्का-अर्धा टक्का सरकतो. ६५ टक्क्यांच्या खाली साठ्यातल्या बुरशीला बहुधा वाढता येत नाही. म्हणून ६५ ला सूचना आणि ७० ला 'गोणी उपसा' असं ठरवलं.

निष्पत्ती

दुसऱ्या पावसाळ्याआधी थप्पी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. मांगराच्या दाराशी दोन दिव्यांचा एक डबा बसवला, हिरवा लागला की उघडा, लाल लागला की लावा, आणि दोन्ही विझलेले असतील तर यंत्रणा बंद आहे असं समजा. हा डबा थेट नोडांचं ऐकतो, त्याला घरचं ब्रॉडबँड लागत नाही, आणि त्याची बॅटरी स्वतःची आहे. ही काकींची मागणी: "दार उघडू काय नको, तेवढा सांग." मोबाइलवरच्या पडद्यावर आता सर्वांत मोठ्या अक्षरात वाचनाचं वय दिसतं आणि ते तासापलीकडे गेलं की पडदा राखाडी होतो.

त्या हंगामात एकही गोणी गेली नाही. श्रेय कुणाला द्यायचं हे मला ठामपणे सांगता येत नाही. भिंतीपासून ओढलेली थप्पी, स्प्रिंगचं दार आणि दिव्यांचा डबा हे तिन्ही एकाच वेळी झालं. निम्मा मान तरी सुताराला द्यावा लागेल. गोणीतला आकडा जूनमध्ये ५८ होता आणि सप्टेंबरात ६४ पर्यंत चढला. ६५ ची सूचना वाजली नाही, पण काठावर होती. दोन वेळा पाइप हलवून दुसऱ्या गोणीत घातला, तिथेही आकडे जवळपासच निघाले.

खाऱ्या हवेने मात्र आपला वाटा घेतला. व्हाळाकडच्या नोडचे सेलचे कंटॅक्ट हिरवे पडले. आता सेल सोल्डर केलेल्या पट्ट्यांचे घेतो आणि बोर्डावर, सेन्सरचं तोंड वगळून, लॅकरचा हात देतो.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला पावसाळा फक्त लॉगर ठेवेन, रेडिओ नाही. सकाळी साडेसातची वाफ त्या नोंदींतही दिसलीच असती आणि ती मे महिन्यातल्या माझ्या सगळ्या कसरतीपेक्षा मोलाची होती.

पहिला सेन्सर गोणीत जाईल, हवेतले नंतर.

मांगराच्या भिंतीवरचं कॅलेंडर आधी वाचेन. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. काकी तिथल्या चौकोनांत पेन्सिलीने खुणा करतात: गोण्या फिरवल्या की फुली, वास आला की छोटा गोल. आदल्या वर्षीची पानं त्यांनी जपून ठेवली होती. त्यांतले गोल आणि भिंतीकडच्या गोण्या बाद झाल्याच्या तारखा जुळवल्या तर गोल दर वेळी आठ-दहा दिवस आधीचे. सगळे व्हाळाकडच्या भिंतीचे. तो कागद पहिल्या दिवशी, चहाच्या वेळी, माझ्या डोक्यामागे दोन हातांवर टांगलेला होता.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. मुलाला आता दिव्यांच्या जागी पंखा हवा आहे, दवबिंदूचा फरक दिसला की आपोआप सुरू होणारा. सर्किट सोपं आहे, अर्ध्या दिवसाचं काम. पण बाहेरचा सेन्सर बिघडून उगाच कोरडी हवा सांगू लागला तर? हिरवा दिवा लागला तरी भर पावसात काकी दार उघडणार नाहीत. पंखा मात्र रात्रभर ओली हवा आत ओढत बसेल. मी मुलाला गणपतीपर्यंत थांब म्हटलंय.